आधीचं घर असलेलं कुत्रं

सुरतेत उधना, लिंबायत, डिंडोली भागात खानदेशातून आलेली मराठी वस्ती मोठी आहे. भाड्याची खोली बदलली, गावी परतायची वेळ आली, की वर्षा-दीड वर्षाचं संकरित कुत्रंही कधी दुसऱ्याच्या हवाली होतं. रस्त्यावर सोडण्यापेक्षा हे कितीतरी बरं. पाळीव जनावर वाऱ्यावर सोडणं 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाच आहे.

असं कुत्रं घेताना लसीकरणाचं कार्ड मागून घ्या. नसेल तर त्याला रेबीजची लस लगेच टोचून घ्या. दक्षिण गुजरातेत पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस पसरतो, तो उंदरांच्या मुतातून माणसाला आणि कुत्र्यालाही होतो. त्याची लसही डॉक्टरांना विचारा. गोचीडतापासाठी रक्त तपासलेलं चांगलं.

पण खरी विचारपूस सवयींची करावी. काय खातं, एकटं राहतं का, कुणाला पाहून गुरगुरतं? पहिले काही दिवस जुनंच खाणं द्या. झाडू उचलताच ते कॉटखाली शिरलं तर ओढून काढू नका. ताटली जवळ सरकवा, पाठ वळवून जमिनीवर बसा आणि घरातल्या पोरांनाही तसंच बसवा. येईल तेव्हा येऊ द्या. आधी हात त्याला हुंगू द्या, डोक्यावरून फिरवायची घाई नको.