साखरेचा पत्ता

मराठी माणसाला गोड खायला निमित्त लागतं. पाडव्याला श्रीखंड, होळीला पुरणपोळी, गणपतीला मोदक, मुलगा पास झाला तर पेढे आणि यातलं काहीच नसेल तर 'आज रविवार म्हणून' शिरा. निमित्ताशिवाय गोड खाणं आमच्या लहानपणी चोरीतच जमा होत असे. साखरेच्या डब्यात हात घातल्याबद्दल पाठीत धपाटा खाल्ला नाही असा माझ्या पिढीचा माणूस विरळा. साखर रेशन कार्डावर मिळायची. दिवाळीच्या तोंडावर थोडी जादा मिळाली, तर आई ती वेगळ्या डब्यात भरून वरच्या फळीवर ठेवायची. त्या डब्याकडे बघूनच सण जवळ आल्याचं कळे.

अशा संस्कारांत वाढलेल्या माणसाला कुणी सांगितलं, की मुंबईत एका संध्याकाळी फक्त गोड पदार्थ एकामागून एक खाऊ घालणार आहेत, ना सण ना बारसं, आणि त्यासाठी माणशी साडेतीन हजारांचं तिकीट काढून लोक येणार आहेत, तर तो आधी हसेल. मीही हसलो. पण सांगणारी माझी भाची होती आणि ते पदार्थ करणाऱ्यांतली ती एक होती. "मामा, तू यायचंच. आणि घरून जेवून येऊ नकोस," तिने फोनवर बजावलं. तिकिटाऐवजी पास पाठवला. याला 'डेझर्ट टेस्टिंग' म्हणतात म्हणे. आपल्याकडे 'चाखतमाखत' असा छान शब्द आहे. पण त्या नावाला कोणी साडेतीन हजार दिले नसते.

मार्च महिना होता. होळी नुकतीच होऊन गेलेली. लोअर परळला एका जुन्या गिरणीच्या आवारात हा कार्यक्रम होता. १९८२ च्या संपानंतर या भागातल्या गिरण्या एकेक करून थंडावल्या आणि त्यांच्या जागी मॉल, कचेऱ्या, हॉटेलं उभी राहिली. बाहेर एक चिमणी राखून ठेवलेली. आत लांब टेबलाभोवती आम्ही चोवीस माणसं. बहुतेक तिशी-चाळिशीतली. माझ्या डाव्या हाताला एक डॉक्टर जोडपं, उजव्या हाताला जाहिरात कंपनीतली एक तरुण मुलगी. समोर प्रत्येकाला एक लहान चमचा, पाण्याचा पेला आणि जाड कागदावर छापलेलं एक कार्ड. त्यावर सात पदार्थांची नावं आणि प्रत्येकाखाली बारीक अक्षरांत दोन-तीन ओळी.

पहिली बशी आली ती महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीची. गोठवून किसल्यासारखी, वर मिरपूड. सगळं मिळून दोन चमचे. दुसरा लिंबाचा टार्ट, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा. तिसरा देवगडचा हापूस नारळाच्या दुधात. पदार्थ पुढ्यात आला की लगेच तोंडात टाकायचा नाही. आधी वास घ्यायचा, मग लहानसा घास जिभेवर धरायचा, आणि तो संपल्यावर पाण्याचा घोट घेऊन थांबायचं. आपल्याकडे जिलब्यांच्या पैजा लागत. ताटावर आडवा हात धरून 'नको नको' म्हणणाऱ्याच्या बोटांच्या फटीतून वाढपी जिलबी सोडत असे आणि त्याला आग्रह म्हणत. इथे आग्रह नव्हताच. मागितलं तरी दुसऱ्यांदा मिळणार नव्हतं.

पहिल्या दोन बश्यांपर्यंत मी मनातल्या मनात थट्टा करत होतो. तिसऱ्या बशीला ती थांबली. हापूस मी जन्मभर खात आलो आहे. पण आमरसाची वाटी तोंडाला लावताना त्यातला आंबटपणा कुठे सुरू होतो आणि गोडवा कुठे, हे कधी शोधलं नव्हतं. त्या तीन चमच्यांत ते सापडलं. साखर दुर्मिळ होती तेव्हा आम्ही चिमूटभर साखर जिभेवर विरघळेपर्यंत तोंड मिटून बसत होतो. पुढे ती मुबलक झाली आणि आम्ही चाखायचं सोडून खायला लागलो. परिणाम समोरच होता. माझ्या शेजारच्या डॉक्टरांनी पहिल्या बशीआधी खिशातून गोळी काढून घेतली. मी माझी घरूनच घेऊन निघालो होतो. भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीतून २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्या हिशेबाने चोवीस जणांच्या टेबलावर दोन गोळ्या ही काही फार मोठी संख्या म्हणता येणार नाही.

चौथी बशी केरळच्या इडुक्कीतल्या कोकोपासून केलेल्या चॉकलेटची होती. पाचवी व्हॅनिलाची. या बशीच्या वेळी भाची स्वतः टेबलापाशी आली आणि तिने एक गोष्ट सांगितली. व्हॅनिलाची वेल मूळची मेक्सिकोची. ती इतर देशांत नेली तर फुलायची, पण शेंग धरायची नाही. १८४१ साली हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर एदमाँ आल्बियुस नावाच्या बारा वर्षांच्या एका गुलाम मुलाने काडी आणि अंगठा वापरून त्या फुलाचं परागण हाताने करण्याची युक्ती शोधली. आजही जगातली बहुतेक नैसर्गिक व्हॅनिला त्याच पद्धतीने, एकेक फूल हाताळून पिकते. तो मुलगा मात्र १८८० साली गरिबीतच मेला. टेबलावर क्षणभर सगळे गप्प झाले. जाहिरातवाल्या मुलीने चमचा खाली ठेवला होता. मला भाचीचं फार कौतुक वाटलं.

सहावी बशी तिची स्वतःची. पुरणपोळी, पण एका घासाची. पापुद्र्याच्या कुरकुरीत वाटीत जायफळ घातलेलं मऊ पुरण आणि शेजारी चमच्यात कटाची आमटी. आधी पुरण, मग आमटी, मग पुन्हा पुरण, असा क्रम तिने सांगितला. 'डेझर्ट' हा शब्द ज्या फ्रेंच शब्दावरून आला त्याचा अर्थ टेबल आवरणं. म्हणजे जेवणाचं सगळं उचलून नेल्यावर येतं ते डेझर्ट. आपल्या ताटात गोड पहिल्यापासून असतं. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर यांच्या संगतीत. कटाच्या आंबट-तिखट घोटानंतर पुरण पुन्हा नव्याने गोड लागतं, हे आपल्या आज्या-पणज्यांनी कोणतंही कार्ड न छापता ठरवून ठेवलं होतं. मुलीने ते ओळखलं होतं. त्या घासाला टाळ्या पडल्या.

आणि मग सातवी बशी आली. कॅरॅमल.

कॅरॅमल म्हणजे जाळलेली साखर. नुसती साखर पातेल्यात तापवत न्यायची, ती वितळते, मधासारखी होते, मग तांबूस. आणखी क्षणभर राहिली तर कडू. तो क्षण ओळखण्यात सगळं कसब. त्यात लोणी, साय आणि किंचित मीठ. पदार्थ उत्तम होता. मी सवयीने कार्ड उचललं. पस्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला पुढ्यातला कागद तळापर्यंत वाचल्याशिवाय चैन पडत नाही. मीठ फ्रान्सच्या किनाऱ्यावरचं होतं, गावाच्या नावासह. लोणी कुठल्या गोठ्यातलं तेही होतं. वरच्या ओळींत इडुक्की होतं, मादागास्कर होतं, महाबळेश्वर आणि देवगड होतं. साखरेचा पत्ता कुठेच नव्हता. सातही पदार्थांत जी होती आणि सातव्यात तर तिच्याशिवाय दुसरं फारसं काही नव्हतं, तिच्या गावाचं नाव कार्डावर नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर मी भाचीला विचारलं, "साखर कुठली गं?"

ती हसली. "साखर? मामा, साखर साखर असते."

तिचं चुकलं नव्हतं. कारखान्यात ऊस गाळून, रस शुद्ध करून, आटवून जे दाणे निघतात, त्यांत उसाच्या मातीचा अंशही उरू नये हीच त्या धंद्यातली गुणवत्ता. प्रवरेची साखर आणि कोल्हापूरची साखर जिभेला वेगळी कळली, तर ती नापास. गुळाचं तसं नाही. कोल्हापूरच्या गुळाला त्याच्या चवीसकट २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. साखरेला मिळतात त्या प्रती, दाण्याच्या आकारावर आणि रंगावर ठरलेल्या: एस-३०, एम-३०.

पण मला तिचा पत्ता माहीत होता, निदान पोत्यापर्यंतचा. नोकरीची काही वर्षं मी साखरपट्ट्यातल्या एका शाखेत होतो. कारखान्यांना आम्ही साखरेच्या तारणावर कर्ज देत असू. गोदामाला बँकेचं कुलूप असे. महिन्यातून एकदा जाऊन थप्प्या मोजायच्या: इतकी लांब, इतकी रुंद, इतके थर. तेव्हा पोतं शंभर किलोचं होतं. प्रत्येक पोत्यावर कारखान्याचं नाव, गाळपाचा हंगाम आणि प्रत छापलेली. पोतं फुटून साखर वाण्याच्या डब्यात पडली की तो पत्ता पुसला जाई. आणि पोत्याच्या अलीकडचा पत्ता तर पोत्यावरही नसे.

तो पत्ता उसाच्या फडातला. दिवाळीच्या सुमाराला बीड आणि आसपासच्या दुष्काळी भागांतून टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती हंगामभर फेडायची. तोडणी-वाहतुकीसाठी बँका कर्ज देतात, त्यामुळे या उचलीचा ओघ मी कागदावर पाहिलेला आहे. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो; दोन माणसांची मोजणी एका हत्याराने. एक दिवस आजारी पडलं तर त्याला 'खाडा' म्हणतात आणि त्या दिवसाचे पैसे उलटे कापले जातात. या खाड्याला भिऊन बायका कुठवर गेल्या, ते २०१९ साली बाहेर आलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या शासकीय समितीने बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं होतं.

परतीच्या लोकलमध्ये बसायला जागा मिळाली आणि मी सवयीने कार्डाच्या मागच्या बाजूला हिशेब मांडला. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि तो टनाला साडेतीनशे रुपयांच्या थोडा पुढे गेला. एक टन उसातून ढोबळ मानाने शंभर किलो साखर निघते. म्हणजे एक किलो साखरेमागे तोडणीचे साधारण साडेतीन रुपये. भाचीच्या अंदाजाने सात बश्या मिळून प्रत्येकाच्या पोटात शंभर ग्रॅमच्या आसपास साखर गेली होती. तिची तोडणी झाली छत्तीस पैसे. कॅरॅमलच्या बशीपुरतंच धरलं तर सहा-सात पैसे.

पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी २०११ च्या जूनअखेरीस चलनातून गेली. तेव्हा काउंटरवर पिशव्या भरभरून ती परत घेतल्याचं मला आठवतं. आज सर्वांत लहान नाणं आहे ते आठ आण्याचं. म्हणजे साडेतीन हजारांच्या त्या संध्याकाळी कोयत्याचा जो वाटा होता, तो रोख द्यायचा म्हटलं तरी त्या किमतीचं नाणं या देशात उरलेलं नाही.

हा हिशेब वाचून कुणाला वाटेल, की मी त्या तरुण मंडळींना नावं ठेवतो आहे. तसं नाही. घरी चहात दोन चमचे साखर ढवळताना मी कधी फडाची आठवण काढली आहे? रेशनच्या काळात साखर मोलाची होती, तेव्हाही ती कुणी तोडली हे आमच्या घरात कुणी विचारलं नव्हतं. उलट, जे विचारायची सवय आहे ते लोक त्या टेबलावरच भेटले. स्ट्रॉबेरी कुठली, लोणी कुठलं, व्हॅनिलाच्या फुलाला हात कुणाचा लागला, हे प्रश्न त्यांना पडतात आणि उत्तरासाठी ते पैसे मोजतात. दोनशे वर्षांपूर्वीच्या, हजारो मैलांवरच्या एका पोरासाठी त्यांचा चमचा थांबला होता. ज्या दिवशी आम्ही ते कॅरॅमल चाखत होतो, त्याच आठवड्यात रात्रीच्या प्रवासाला लागणाऱ्या अंतरावर कारखान्यांचे पट्टे पडत होते आणि टोळ्या बिऱ्हाड बांधून गावाकडे परतत होत्या. त्यांच्यापर्यंत ती जिज्ञासा पोहोचायला अंतर कितीसं आहे?

आठवडाभराने भाचीचा फोन आला. तिने पुरवठादाराकडे चौकशी केली होती. तो म्हणाला, जो कारखाना स्वस्त देईल त्याची घेतो. गेल्या महिन्याची सोलापूरकडची होती, या महिन्याची बघून सांगतो. "पोत्यावर लिहिलेलं असतं म्हणे, मामा," ती नवलाने म्हणाली. मग थोडं थांबून तिने विचारलं, "कोयता म्हणजे नक्की कोण रे? एक माणूस की दोन?"

मी तिला सांगितलं, दोन. ती ते लिहून घेत होती.