मूत्रपिंडाची गोष्ट – लेखांक ६ : आज किती काढलं?

डायलिसिसच्या खोलीबाहेरच्या बाकड्यांवर विचारपुशीची रीत वेगळी असते. तब्येत कशी आहे, असं कुणी कुणाला विचारत नाही. "आज किती काढलं?" एवढाच प्रश्न. उत्तर येतं, "अडीच." किंवा, "तीन काढलं, पण शेवटी पोटऱ्यांत गोळे आले." हे लिटर आहेत, मशीनने अंगातून काढलेल्या पाण्याचे.

गेल्या आठवड्यात आपण हातातला फिस्टुला, म्हणजे रक्त मशीनपर्यंत नेण्यासाठी केलेली रक्तवाहिन्यांची जोडणी, पाहिला. आज त्या वाटेने आलेल्या रक्तातून मशीन काढून घेतं त्या पाण्याबद्दल.

निरोगी मूत्रपिंड आठवड्याचे सगळे १६८ तास कामावर असतात. चार-चार तासांच्या तीन बैठकांत मशीनला मिळतात १२. शिवाय डायलिसिस सुरू झाल्यावर बहुतेकांची लघवी हळूहळू कमी होत जाते, काहींची थांबतेच. मग प्यालेलं पाणी जाणार कुठे? ते अंगातच साठतं. एक लिटर म्हणजे एक किलो, म्हणून मशीनवर बसण्याआधी आणि उठल्यावर वजनकाट्यावर उभं राहायचं. सूज पावलांवर, चेहऱ्यावर दिसते. पाणी फुफ्फुसांपर्यंत पोचलं की माणसाला आडवं झोपवत नाही, उशांना टेकून रात्र काढावी लागते.

मग एका बैठकीत सगळं ओढून का घेत नाहीत? कारण मशीन पाणी काढतं ते रक्तातून. पेशींभोवती साठलेलं पाणी रक्तात यायला वेळ लागतो. मशीनने त्याहून घाई केली की रक्तदाब कोसळतो, घाम फुटतो, गोळे येतात. साठ किलोच्या माणसाचं चार तासांत दोन-अडीच लिटर पाणी सहसा निभावतं. चार लिटर साठवून आलेल्याचा पुढचा अख्खा दिवस अंथरुणात जातो.

दिवसाचं माप डॉक्टर ठरवून देतात. आदल्या दिवशीची लघवी अधिक अर्धा लिटर, हा साधारण हिशोब. त्यात चहा आला, ताक आलं, आमटी, कढी, कलिंगडाची फोडसुद्धा आली. आणि तहान आवरायची तर आधी मीठ आवरावं लागतं. लोणचं-पापड चालू ठेवून पाणी मोजणं म्हणजे नळ उघडा टाकून फरशी पुसणं.

हे माप सांभाळायचं कुणी? बहुतेक घरांत बायकोने, सुनेने किंवा आईने. दारात आलेल्या परक्यालाही आधी पाणी विचारणाऱ्या घरात तिने आपल्याच माणसाच्या हातातला पेला काढून घ्यायचा. भेटायला येणारे शहाळी घेऊन येतात; नको म्हटलं की ही बाई कंजूष ठरते. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि ते रक्तात वाढलं की हृदयाचा ठोका बिघडतो, हे दारात उभं राहून किती जणांना समजावणार? एकादशीचंही तेच : बटाटा, रताळी, केळी, शेंगदाणे. 'कमी सोडियमचं' म्हणून कुणी प्रेमाने आणून दिलेल्या मिठातही बऱ्याचदा पोटॅशियमच घातलेलं असतं.

सोमवार-बुधवार-शुक्रवारवाल्यांना सर्वांत धोक्याचा काळ शुक्रवारनंतरचा. मध्ये दोन दिवस कोरडे, त्यातच रविवार, घरात रस्सा. पैशांअभावी किंवा अंतरामुळे आठवड्यातून दोनदाच बसणाऱ्यांना तर ही लांब खिंड प्रत्येक आठवड्यात दोनदा ओलांडावी लागते. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांत गरिबांना ही सेवा मोफत मिळू लागली, हे मोठंच काम. पण एसटीचे हेलपाटे आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी त्यात कुठे धरलेली नाही.

ओळखीच्या एका घरात ओट्यावर पाण्याची बाटली असते, मार्करने रेघा मारलेली. काका बर्फाचा खडा चघळत तासन्‌तास काढतात, मध्येच चूळ भरतात. काकूंना मी अलीकडे त्यांच्यासमोर पाणी पिताना पाहिलेलं नाही. त्या आत जातात, नळ सोडतात आणि पाठमोऱ्या उभ्या राहून घाईघाईने पितात.

(पुढील लेखांकात : पोटातून होणारं, घरच्या घरी करायचं डायलिसिस)