बावीसपैकी अकरा

मुलांनो, बेडूक पकडून पाहिलाय का कधी? पावसाळ्यात डबक्याच्या काठावर तो मस्त बसलेला असतो. आपण दबकत दबकत जातो, हात पुढे करतो, आणि टुणकन उडी, डुबुक! हाताला लागतो तो फक्त चिखल. पण समजा, त्या बेडकाला उडी मारताच आली नाही तर? मारली आणि तो एका अंगावर कलंडला तर?

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात नेमकं हेच घडलं होतं. हे तळ्यांचं राज्य. तिथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवरही 'दहा हजार तळी' असं अभिमानानं लिहिलेलं असतं! १९९५ सालच्या ऑगस्ट महिन्यात हेंडरसन गावाजवळच्या एका शेतातल्या तळ्याकडे शाळेतली काही मुलं आपल्या शिक्षिकेबरोबर निसर्गाचा अभ्यास करायला गेली. शाळेचं नाव न्यू कंट्री स्कूल. गवतात लेपर्ड फ्रॉग जातीचे बेडूक उड्या मारत होते. हिरव्या-तपकिरी अंगावर गोल काळसर ठिपके असलेला हा देखणा बेडूक तिथं सगळीकडे दिसतो. बेडूक दिसले की मुलं काय करणार? धावली मागे!

पहिला वेडावाकडा पाय दिसला तेव्हा मुलांना वाटलं, पाय मोडलाय बिचाऱ्याचा. मग दुसरा बेडूक सापडला, मग तिसरा. कुणाला मागचा एक पायच नाही, कुणाचा पाय अर्ध्यातच संपलेला, कुणाचा पिळवटलेला. इतक्या बेडकांचे पाय एकदम कसे मोडतील?

यानंतर मुलांनी जे केलं ते मला फार आवडतं. त्यांनी मोजलं. पकडलेले बेडूक एकूण बावीस आणि त्यांतले व्यंग असलेले अकरा. म्हणजे बरोबर निम्मे!

तुम्ही म्हणाल, मोजण्यात काय एवढं? सांगते. 'आम्हाला वेड्यावाकड्या पायांचे अकरा बेडूक सापडले' एवढंच मुलांनी सांगितलं असतं, तर ऐकणारा म्हणाला असता, 'बरं, मग?' कारण हजारांत अकरा बेडूक तसे असणं वेगळं आणि बावीसांत अकरा असणं वेगळं. कुठल्याही तळ्यात एखाददुसरा बेडूक चुकून तसा जन्मतोच, त्याचं कुणाला नवल वाटत नाही. निम्मे बेडूक तसे निघाले, तर मात्र काहीतरी बिघडलंय हे नक्की. आणि हे कळायला धडधाकट बेडूकही मोजावे लागतात. आपण नेमके तेच मोजायचे विसरतो. तुम्ही कधी तळ्यावर, ओढ्यावर किंवा झाडावरच्या किडक्या पानांची पाहणी करायला गेलात, तर वहीत दोन रकाने आखा. एक बिघडलेल्यांचा, एक चांगल्यांचा. शेजारी तारीख आणि जागा लिहा. बेडूक हातात घ्यायचाच असेल तर हात आधी त्याच तळ्याच्या पाण्यात ओले करा, बघून झालं की लगेच सोडून द्या आणि घरी आल्यावर साबणानं हात धुवा. त्याची कातडी फार नाजूक असते. आपण पाणी तोंडानं पितो, बेडूक ते कातडीतून शोषून घेतो. श्वासही थोडाफार कातडीतूनच घेतो.

म्हणूनच मुलांनी राज्याच्या प्रदूषण नियंत्रण खात्याला कळवल्यावर मोठ्या माणसांचे चेहरे गंभीर झाले. बेडकाच्या अंड्याला कवच नसतं. त्याचं लहानपण पाण्यात जातं आणि मोठेपण काठावर. पाण्यात जे काही मिसळलेलं असेल ते त्याच्या अंगात थेट उतरणार. मग याच भागातल्या विहिरींचं पाणी पिणाऱ्या माणसांचं काय? मुलांनी राज्याच्या विधिमंडळाच्या समितीपुढे जाऊन आपली निरीक्षणं सांगितली आणि सरकारनं संशोधनासाठी पैसे मंजूर केले. राज्यभरातून लोक कळवू लागले, 'आमच्याही तळ्यात असे बेडूक आहेत!' कुणाच्या बेडकाला जास्तीचे पाय होते, कुणाच्या बेडकाला डोळाच नव्हता. १९९७ साली तर अशा काही तळ्यांजवळच्या घरांना सरकारनं पिण्यासाठी बाटलीबंद पाणी देऊ केलं. इतकी काळजी वाटत होती.

मग शोध सुरू झाला. संशयित तीन होते. पहिली, शेतात फवारलेली कीटकनाशकं आणि तणनाशकं. दुसरे, उन्हातले अतिनील किरण. तिसरा संशयित होता एक जंत, पण त्याच्याकडे तेव्हा फारसं कुणी बघत नव्हतं.

अतिनील किरणांची तपासणी प्रयोगशाळेत झाली. बेडूकमाशांवर हे किरण सोडल्यावर त्यांचे पाय खुंटले खरे, पण डावा आणि उजवा अगदी सारखेच खुंटले. तळ्यातल्या बेडकांचं मात्र तसं नव्हतं. त्यांचा बहुधा एक पाय ठीक आणि दुसरा बिघडलेला असे. म्हणजे गुन्हेगाराच्या खुणा जुळेनात!

आता जंताकडे वळू. स्टॅन्ली सेशन्स नावाच्या शास्त्रज्ञानं आधीच एक गमतीदार प्रयोग करून ठेवला होता. तो १९९० साली प्रसिद्ध झाला. बेडूकमाशाला आधी नुसती शेपटी असते. मग शेपटीच्या मुळाशी दोन बाजूंना दोन बारीक कोंब फुटतात, तेच पुढे मागचे पाय होतात. त्या कोंबातल्या प्रत्येक पेशीला जणू आपली जागा माहीत असते : मी मांडीच्या बाजूची, मी बोटांच्या बाजूची. सेशन्सनं त्या कोंबात प्लॅस्टिकसारख्या पदार्थाचे इवले इवले मणी खुपसले. मण्यांमुळे पेशी आपल्या जागेवरून सरकल्या, भलत्याच शेजारणींना चिकटल्या आणि काही ठिकाणी एका पायाऐवजी जास्तीचे पाय उगवले! त्या मण्यांत विष नव्हतं. नुसत्या ढकलाढकलीनं एवढा घोटाळा झाला.

मग खऱ्या तळ्यात हे मणी कोण खुपसतं?

याचं उत्तर शोधायला निघाला तोही एक विद्यार्थीच होता. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकणारा पीटर जॉन्सन. त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी पस्तीस तळी पालथी घातली. त्यांतल्या फक्त चार तळ्यांत छोट्या झाडबेडकांना खूप व्यंगं होती. त्या पाण्यात कीटकनाशकं शोधली, जड धातू शोधले. काहीच सापडेना. तिथली अंडी आणून प्रयोगशाळेत वाढवली, तर बेडूक अगदी ठणठणीत निघाले! पण एक गोष्ट लक्षात आली. त्या चारही तळ्यांत एका विशिष्ट जातीची, चपट्या गुंडाळीच्या शंखाची गोगलगाय होती. आणि व्यंग असलेले बेडूक कापून पाहिल्यावर पायांच्या मुळाशी बारीक बारीक गाठी दिसल्या. प्रत्येक गाठीत एक जंत. त्याचं नाव रिबेरोइया.

या जंताचं आयुष्य ऐका, म्हणजे तुम्हीही थक्क व्हाल. त्याची अंडी पाणपक्ष्यांच्या विष्ठेतून तळ्यात पडतात. अंड्यातून निघालेलं पिल्लू पोहत पोहत गोगलगाय गाठतं आणि तिच्या अंगात शिरतं. आत त्या एकाचे अनेक होतात, इतके की गोगलगाईला स्वतःची अंडी घालणंही जमेनासं होतं. मग रात्र झाली की तिच्या अंगातून शेपटीवाली शेकडो पिल्लं बाहेर पडतात. त्यांना वेळ थोडा असतो, फार तर एखाद-दोन दिवस. तेवढ्यात बेडूकमासा गाठायचा. ती नेमकी त्याच्या पायाच्या कोंबापाशी कातडीत घुसतात, शेपटी टाकतात आणि स्वतःभोवती कवच करून बसतात. झाला की नाही मणी!

पुढचा भाग तर त्याहून अजब. पाच-सहा पायांचा किंवा दीड पायाचा बेडूक धड उडी मारू शकत नाही, पोहू शकत नाही. तो बगळ्याला अलगद सापडतो. बगळ्यानं बेडूक गिळला की जंत पोहोचला आपल्या शेवटच्या मुक्कामी. तिथं तो मोठा होतो, अंडी घालतो, आणि बगळा उडत उडत दुसऱ्या तळ्यावर जातो. म्हणजे बेडकाचा पाय बिघडण्यात जंताचा फायदाच आहे.

जॉन्सननं हे सगळं नुसत्या तर्कावर सोडलं नाही. त्यानं प्रयोगशाळेत बेडूकमाशांच्या भांड्यांत मोजून जंत सोडले. कुठे कमी, कुठे जास्त, आणि काही भांड्यांत एकही नाही. जंत जितके वाढवले तितके व्यंग असलेले बेडूक वाढले आणि मरणारे बेडूकमासेही वाढले. तळ्यात दिसली तशीच व्यंगं, भांड्यात! हा शोधनिबंध १९९९ साली 'सायन्स' या नियतकालिकात छापून आला.

मग शेतातली रसायनं सुटली का? छे! शेतातल्या खतातलं नत्र आणि स्फुरद पावसाच्या पाण्याबरोबर वाहून तळ्यात येतं. त्यावर शेवाळ माजतं. शेवाळ हे गोगलगाईचं खाणं, म्हणून गोगलगाई वाढतात. गोगलगाई वाढल्या की जंत वाढतात. २००७ साली जॉन्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कृत्रिम तळ्यांत खत टाकून ही साखळी कडी कडी करून दाखवली. काही तणनाशकांमुळे बेडूकमाशांची रोगाशी लढण्याची ताकद कमी होते, असंही दुसऱ्या संशोधकांना आढळलं आहे. बघा, माणूस या जंताला दिसतसुद्धा नाही, पण खताच्या गोणीतून तो त्याच्या मदतीला जातो.

एक प्रश्न मात्र उरला होता. जंतानं जास्तीचे पाय फुटतात हे पटलं, पण मिनेसोटाच्या बेडकांत पाय नसलेलेच जास्त होते. ते पाय कुठे गेले? २००९ साली सेशन्स आणि ब्रँडन बॅलेंजी यांनी यातला एक चोर पकडला. तो म्हणजे चतुर. हो, आपल्याकडे पावसाळा सरताना गवतावर भिरभिरतो, तोच चतुर. त्याची पिल्लं पाण्यात वाढतात आणि ती भलतीच खादाड असतात. इंग्लंडमध्ये त्यांनी भेकांच्या, म्हणजे बेडकांच्याच भाऊबंदांच्या, पिल्लांबरोबर ती ठेवून पाहिली, तर अख्खं पिल्लू गिळणं जमत नसलं की ती त्याला पकडून कोवळा मागचा पाय कुरतडायची आणि सोडून द्यायची. पिल्लू अगदी लहान असेल तर पाय पुन्हा फुटतो. थोडं मोठं असेल तर अर्धाच फुटतो. आणि आणखी मोठं असेल तर जखम भरते, वर गुळगुळीत कातडी येते आणि तिथं कधी पाय होता याची खूणसुद्धा राहत नाही.