'इच्छामरण' : एका संज्ञेची नैतिक चिकित्सा

असाध्य दुःखाने पीडलेल्या मनुष्यास मरण्यास साहाय्य करावे काय, या प्रश्नाची चर्चा मराठीत बहुधा 'इच्छामरण' या एकाच संज्ञेने होते. ही संज्ञा मरणाऱ्याची इच्छा सांगते; साहाय्य करणारा हात मात्र तीत दिसत नाही. भीष्माच्या कथेत ही उणीव जाणवत नाही, कारण मरणाची घटका निवडण्यास त्यास दुसऱ्या कोणाची गरज नव्हती. परावलंबी रुग्णाची स्थिती तशी नसते.

तीन उदाहरणे पाहण्याजोगी आहेत. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीचे जयवंत दळवी यांच्या 'संध्याछाया' या नाटकातील वृद्ध दांपत्य एकाकीपणास कंटाळून जीवन संपविते. तेथे इच्छा आहे. पण व्याधी नाही आणि साहाय्यकही नाही. 1966 मध्ये वि. दा. सावरकरांनी अन्न व औषध वर्ज्य करून देह ठेवला. त्यास 'आत्मार्पण' म्हटले गेले. याउलट मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग 1973 मधील हल्ल्यानंतर चार दशकांहून अधिक काळ अंथरुणास खिळून होत्या. त्यांच्यासाठी केलेला अर्ज सर्वोच्च न्यायालयाने 7 मार्च 2011 रोजी फेटाळला. त्यांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका व डॉक्टर यांना त्यांनी जगावे असेच वाटत होते. 2015 मध्ये त्या निवर्तल्या. त्यांची स्वतःची इच्छा काय, हे कोणासही कळणे शक्य नव्हते; तरीही या प्रकरणास सर्रास 'इच्छामरण' असेच म्हटले गेले.

कायदा मात्र प्रथम साहाय्यकाकडे पाहतो. 2018 च्या निर्णयाने, बरे होण्याची आशा नसता कृत्रिम उपचार थांबवावेत असे आगाऊ लिहून ठेवण्याचा अधिकार मान्य झाला. 2023 मध्ये त्याची रीत सुलभ करण्यात आली. परंतु आत्महत्येस साहाय्य करणे हा भारतात गुन्हाच आहे. स्वित्झर्लंडमध्ये 1942 पासून अमलात असलेली दंडसंहिता साहाय्यकाचा हेतू स्वार्थी असेल तरच त्यास शिक्षा देते.

साहाय्याच्या बाजूने असे म्हणता येते की, वेदनेची सीमा ठरविण्याचा अधिकार ती भोगणाऱ्याचाच होय. विरुद्ध बाजूने असे की, आपण घरच्यांस भार झालो, ही भावनाही इच्छेचेच रूप घेऊन बोलते. दोन्ही युक्तिवादांत तथ्य आहे. म्हणून इच्छा कोणाची, ती कशातून उपजली, दुःख अन्य उपायांनी शमण्याजोगे आहे काय आणि हात कोणाचा, हे चार प्रश्न प्रत्येक प्रकरणी पृथक् विचारले पाहिजेत. एकाकीपणावर सोबत हा उपाय आहे, पुष्कळशा वेदनांवर शुश्रूषा हा उपाय आहे. तो करून पाहण्यापूर्वीच मरणाच्या मागणीस 'इच्छा' म्हणणे म्हणजे समाजाने आपले कर्तव्य रुग्णाच्या माथी मारणे होय. हे उपाय थकल्यावरही जी मागणी उरते, तिच्याविषयीच साहाय्याचा खरा वाद आहे. आणि तिला अचूक नाव मराठीने अद्याप दिलेले नाही.