मर्दन व भौतिकी चिकित्सा

मर्दन व भौतिकी चिकित्सा : शरीरातील मृदू ऊतकांवर (समान रचना व कार्य असलेल्या पेशींच्या समूहांवर) हाताने पद्धतशीर रीत्या दाब, घर्षण, ताण वा कंपन देण्याच्या क्रियेस ‘मर्दन’ म्हणतात. व्यवहारात तिला मालिश, अंग चोळणे वा रगडणे अशी नावे आहेत. मर्दन, व्यायाम, उष्णता, शीतता, पाणी, विद्युत् प्रवाह यांसारख्या भौतिक साधनांनी करावयाच्या उपचारांना एकत्रितपणे ‘भौतिकी चिकित्सा’ ही संज्ञा आहे. स्नायू, सांधे व तंत्रिका (मज्जातंतू) यांच्या वेदना कमी करणे व गमावलेली हालचाल परत मिळविणे हे या चिकित्सेचे प्रमुख हेतू होत. बाह्यतः सारखीच भासणारी वेदना स्नायूतून उद्‌भवली आहे की तंत्रिकेतून, याचा निर्णय उपचारापूर्वी होणे आवश्यक असते. कारण एकीस हितकारक ठरणारा उपाय दुसरीस अपायकारक ठरू शकतो.

इतिहास : चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अभ्यंगाचे (अंगास तेल लावण्याचे) महत्त्व सांगताना वायूचे व स्पर्शेंद्रियाचे स्थान त्वचा हे असल्याने अभ्यंग त्वचेस विशेष हितकर होय, असे प्रतिपादन केले आहे. याच संहितेच्या चिकित्सास्थानातील वातव्याधींच्या प्रकरणात कुल्ल्यापासून पायापर्यंत उतरणाऱ्या वेदनेचे ‘गृध्रसी’ या नावाने वर्णन आढळते. स्नेहन (तेलातुपाचा उपयोग) व स्वेदन (शेक) हे अशा विकारांवरील मुख्य उपचार होत. अभ्यंग सर्वांना सर्वकाळ योग्य नाही, हेही प्राचीन वैद्यांस ज्ञात होते. अजीर्ण झालेल्यांनी अभ्यंग वर्ज्य करावा, असे वाग्भटांनी सांगितले आहे.

यूरोपात स्वीडनमधील पेर हेन्रिक लिंग (१७७६–१८३९) यांनी व्यायाम व अंगचालन यांची पद्धतशीर मांडणी केली आणि १८१३ मध्ये स्टॉकहोम येथे त्यासाठी संस्था स्थापन केली. मर्दनाच्या हस्तक्रियांचे आज रूढ असलेले वर्गीकरण मात्र मुख्यत्वे नेदर्लंड्समधील वैद्य योहान गेऑर्ग मेट्सगर (१८३८–१९०९) यांच्या परंपरेतून आले. पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिक आणि त्यानंतरचे बालपक्षाघाताचे (पोलिओचे) रुग्ण यांच्या पुनर्वसनामुळे भौतिकी चिकित्सेस स्वतंत्र व्यवसायाचे रूप आले. भारतात १९५० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने या विषयाचे शिक्षण सुरू झाले. मुंबईतील बालपक्षाघाताची साथ हे त्यामागील निकटचे कारण होते.

वऱ्हाडातील परंपरा : अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे प्रमुख क्षेत्र असून तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांचे लीळाचरित्र याच परिसरात आकारास आले. या ग्रंथात स्नानापूर्वीच्या अंगमर्दनासाठी ‘मर्दना’ हा शब्द येतो आणि तो नित्याच्या दिनक्रमाचा भाग म्हणून येतो. यावरून मर्दन ही केवळ राजेरजवाड्यांची चैन नसून सेवा व आरोग्य यांच्याशी निगडित अशी लोकरीत होती, असे दिसते.

वऱ्हाडातील मर्दनाचे दुसरे केंद्र म्हणजे तालीम. कुस्तीपूर्वी व कुस्तीनंतर मल्लाचे अंग रगडण्याची रीत तालमींतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने (स्थापना १९१४) देशी व्यायामास संघटित स्वरूप दिले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने भारतीय खेळांची व व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून दाखविली. तिसरे केंद्र घर हे होय. बाळंतीण व बाळ यांना तेल लावून शेक देण्याचे काम सुईण किंवा घरातील जाणती स्त्री करीत आली आहे. तीळ, करडई, जवस यांची तेले त्यासाठी वापरतात, तर मेळघाटात मोहाच्या बियांचे तेलही वापरतात. तेलाच्या गुणांविषयी अनेक समजुती असल्या, तरी त्वचेचे घर्षण कमी करणे व हात सहज फिरू देणे हे मर्दनातील तेलाचे मुख्य कार्य आहे. चोळलेले तेल स्नायूंपर्यंत वा तंत्रिकांपर्यंत पोहोचून त्यांचे पोषण करीत नाही.

शेतीच्या कामांशी या भागातील दुखण्यांचा निकटचा संबंध आहे. निंदणीसाठी तासन्‌तास वाकून बसणे, कापूस वेचताना खांद्यास वा कमरेस वाढत्या वजनाची ओटी बांधून चालणे, मोर्शी–वरुड भागात संत्र्यांची ओझी उचलणे यांमुळे कंबर, मान व खांदा यांचे स्नायू दीर्घकाळ ताणलेल्या स्थितीत राहतात. कमरेत किंवा पाठीत एकाएकी ‘उसण’ भरली, तर पायाळू (पायाकडून जन्मलेल्या) माणसाचा पाय पाठीस लावून घेण्याची रीत महाराष्ट्रात अनेक ठिकाणी आढळते. स्नायूंच्या अशा बहुतेक आकस्मिक वेदना काही दिवसांत आपोआप कमी होतात, त्यामुळे त्या काळात जो उपाय केला असेल त्याला गुण दिला जातो. बिब्बा लावणे आणि डाग देणे हे उपाय मात्र निरुपद्रवी नाहीत. बिब्ब्याच्या रसातील दाहक द्रव्यांनी त्वचेवर फोड येतात व व्रण होतात. डाग दिल्याने मूळ विकार तसाच राहून भाजल्याची जखम मात्र निर्माण होते.

वेदनेचे प्रकार : स्नायुजन्य वेदना बहुधा बोथट, ठणकणारी व एका भागापुरती असते. स्नायू दाबला असता ती वाढते आणि विश्रांती व शेक यांनी उतरते. अनभ्यस्त श्रमानंतर येणारा अंगदुखीचा जोर २४ ते ७२ तासांत सर्वाधिक असतो. स्नायूंत साठलेल्या दुग्धाम्लामुळे ही वेदना होते, असे पूर्वी मानले जाई. परंतु श्रम थांबल्यावर साधारणपणे तासाभरातच हे अम्ल रक्तातून निघून जाते. स्नायुतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजा व त्यानंतरचा दाह ही त्यामागील कारणे होत. कित्येकदा स्नायूत ताठर, दुखरे बिंदू आढळतात आणि त्यांवर दाब दिल्यास वेदना दूरच्या भागात जाणवते.

तंत्रिकाजन्य वेदना जळजळणारी, विजेच्या झटक्यासारखी वा मुंग्यांसह येणारी असते व तंत्रिकेच्या मार्गाने पसरते. तिच्याबरोबर बधिरता व स्नायूंची दुर्बलता असू शकते. गृध्रसीत कमरेच्या खालच्या भागातील तंत्रिकामुळांवर दाब पडतो. मणक्यांमधील चकती बाहेर सरकणे हे त्याचे नेहमीचे कारण असते. बहुसंख्य रुग्णांत ही वेदना काही आठवड्यांत, शस्त्रक्रियेवाचून, ओसरते.

मर्दनाच्या क्रिया : (१) चोळणे : तळहाताने लांब व संथ हात फिरविणे, प्रारंभी व शेवटी ही क्रिया करतात. (२) मळणे : कणीक मळावी तसा स्नायू उचलून दाबणे. (३) रगडणे : बोटांच्या टोकांनी वा अंगठ्याने लहानशा जागी खोलवर घर्षण करणे, कंडरा (स्नायू हाडास जोडणाऱ्या दोऱ्या) व संधिबंध यांच्या जुन्या दुखण्यांवर ही क्रिया करतात. (४) थोपटणे : हाताच्या कडेने वा पोकळ केलेल्या तळव्याने हलके आघात करणे. (५) कंपन : हात टेकवून जलद कंप देणे. सामान्यतः अवयवांवरील जोरकस हात हृदयाच्या दिशेने फिरवितात. रुग्णाने श्वास रोखावा इतका दाब देणे हे कौशल्याचे लक्षण मानले जात नाही, कारण तीव्र वेदनेने स्नायू अधिकच आखडतो.

कार्यपद्धती : मर्दनाने वेदना का शमते, याचा खुलासा रॉनल्ड मेलझॅक व पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या ‘द्वार-नियंत्रण सिद्धांता’ने काही अंशी होतो. स्पर्श व दाब यांच्या संवेदना जाड तंत्रिकातंतूंतून, तर वेदनेच्या संवेदना बारीक तंतूंतून मेरुरज्जूत पोहोचतात. जाड तंतूंतून येणारे संदेश वाढले म्हणजे वेदनेच्या संदेशांची मेंदूकडे जाणारी वाट काही प्रमाणात अडविली जाते. आपटलेला कोपर माणूस नकळत चोळतो, त्याचेही हेच स्पष्टीकरण होय. याशिवाय मेंदूकडून खाली येणारी वेदनाशामक नियंत्रणे, स्नायूंचे शिथिलीकरण आणि आश्वासक स्पर्शाने कमी होणारी चिंता यांचाही परिणामात वाटा असतो. हा परिणाम बहुधा अल्पकालिक असतो. म्हणून मर्दनाने मिळालेल्या आरामाच्या अवधीत व्यायाम सुरू करणे, हे आधुनिक भौतिकी चिकित्सेचे सूत्र आहे.

इतर उपाय : आखडलेल्या स्नायूंसाठी ओला वा कोरडा शेक, अवरक्त किरण, हातापायांच्या सांध्यांसाठी सु. ५०° से. तापमानाच्या वितळलेल्या मेणाचे लेपन हे उपाय वापरतात. ताज्या मुरगळण्यावर प्रारंभी बर्फाचा शेक व आधारबंध उपयोगी पडतो. तेथे लगेच जोराने मालिश करणे टाळतात. लघुतरंग ऊतकतापन (२७·१२ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेच्या विद्युत् चुंबकीय तरंगांनी खोलवर उष्णता निर्माण करणे), श्राव्यातीत ध्वनी व त्वचेवरून तंत्रिकांचे विद्युत् उद्दीपन ही उपकरणे विसाव्या शतकात रूढ झाली. तथापि उपकरण महागडे म्हणून उपचार श्रेष्ठ, असे म्हणता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीविषयी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत रुग्णशिक्षण, व्यायाम व मर्दन यांचा शिफारस केलेल्या उपायांत समावेश असून कर्षण (ताण देणे), कमरपट्टे, श्राव्यातीत ध्वनी व त्वचेवरून विद्युत् उद्दीपन यांची नेहमीचा उपाय म्हणून शिफारस केलेली नाही.

तंत्रिकाविकार व कुष्ठरोग : तंत्रिकेच्या वेदनेचे निदान चुकल्यास काय घडते, याचे ठळक उदाहरण कुष्ठरोग हे होय. विदर्भात या रोगाच्या निवारणाची मोठी परंपरा आहे. वर्ध्याजवळील दत्तपूर (१९३६), डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी अमरावती येथे स्थापन केलेले तपोवन (१९४६) व बाबा आमटे यांचे वरोड्याजवळील आनंदवन (१९४९) या संस्थांनी बहिष्कृत रुग्णांस आश्रय, उपचार व उत्पादक काम दिले. कुष्ठरोगाचे जंतू त्वचेतील व परिघीय तंत्रिकांत वाढतात. कोपराच्या आतील बाजूची, मनगटाजवळची, गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूची व घोट्यामागील तंत्रिका जाड होऊन दुखू लागते. याच वेळी ‘शीर आखडली’ असे समजून ती रगडल्यास दाह वाढतो आणि योग्य उपचाराचा काळ वाया जातो. अशा तीव्र तंत्रिकादाहात अवयवास आधार देऊन विश्रांती व वैद्याच्या देखरेखीखाली प्रेडनिसोलोनसारखी औषधे द्यावी लागतात. दुर्बलता येऊन सहा महिने उलटल्यावर ती भरून येण्याची आशा बरीच कमी होते.

दाह शमल्यावर मात्र मर्दनाचे स्थान महत्त्वाचे ठरते. बधिर झालेले कोरडे हातपाय रोज पाण्यात भिजवून त्यांस तेल लावणे, वाकलेली बोटे दुसऱ्या हाताने हळुवार सरळ करणे व उरलेल्या स्नायूंचा व्यायाम करणे यांमुळे सांधे आखडत नाहीत व त्वचेस भेगा पडत नाहीत. वेल्लोर येथे १९४७ पासून पॉल ब्रँड यांनी केलेल्या कार्यातून असे स्पष्ट झाले की, बोटे झडण्याचे मुख्य कारण रोग प्रत्यक्ष बोटे खाऊन टाकतो हे नसून, वेदना न कळल्याने होणाऱ्या भाजण्या व जखमा हे आहे. जंतुनाशक औषधांचा संयुक्त उपचार जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये सुचविला व त्यामुळे रोग निश्चितपणे बरा होऊ लागला. परंतु पूर्वीच नष्ट झालेली संवेदना औषधांनी परत येतेच असे नाही. त्यामुळे अंगाची रोजची निगा आयुष्यभर राखावी लागते. मधुमेहाने पाय बधिर झालेल्या रुग्णांसही हाच नियम लागू पडतो. अशा पायांस गरम पाण्याची पिशवी वा शेगडीचा शेक देणे धोक्याचे असते, कारण चटका बसल्याची जाणीवच होत नाही.

निषिद्ध परिस्थिती : अस्थिभंग, ताजी जखम, जंतुसंसर्ग, रक्तस्रावाची प्रवृत्ती, अर्बुद असलेली जागा व पायाच्या खोल नीलेत रक्ताची गुठळी झाल्याचा संशय असताना मर्दन करीत नाहीत. शेवटच्या स्थितीत गुठळी सुटून फुप्फुसात अडकण्याचा संभव असतो. एकाच पायाची सूज, उष्णता व पोटरीतील वेदना ही तिची सूचक लक्षणे होत. पाठदुखीबरोबर ताप व वजन घटणे ही लक्षणे असल्यास मणक्यांच्या क्षयाची तपासणी करतात. जांघांच्या आतील भागाची बधिरता, मलमूत्रावरील ताबा जाणे किंवा पाऊल लुळे पडणे ही लक्षणे तातडीच्या शस्त्रक्रियेची गरज दर्शवितात. तेथे मालिशीत घालविलेला प्रत्येक दिवस कायमचे अपंगत्व आणू शकतो.

शिक्षण व नियमन : महाराष्ट्रात या व्यवसायाच्या नियमनासाठी २००२ चा व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषद अधिनियम झाला. भौतिकी चिकित्सेचा समावेश असलेला आरोग्य व्यवसायांविषयीचा केंद्रीय अधिनियम २०२१ मध्ये संमत झाला. खेड्यातील सुईण वा तालमीतील वस्ताद यांचे हस्तकौशल्य या कायद्यांच्या कक्षेबाहेरचे असले, तरी बहुतांश ग्रामीण रुग्णांचा पहिला संबंध त्यांच्याशीच येतो. बधिर चट्टा, जाड झालेली तंत्रिका, लुळे पाऊल यांसारखी मोजकी लक्षणे त्यांना ओळखता आली, तर रोगी वेळेवर रुग्णालयात पोहोचू शकतो. स्नायूंच्या साध्या वेदनेवर त्यांचा हात आजही उपयुक्त आहे. मात्र हात कोठे थांबवावा, हे ज्ञानही त्या कौशल्याचाच भाग मानले पाहिजे.