स्टंपवरचा रुपया

कामोठ्यातून किटबॅग पाठीला लावून सरावाला गेलेला मुलगा घरी परतला की पहिला प्रश्न बहुधा ‘आज किती रन काढलेस?’ हाच येतो. ‘आज काय नवीन जमलं?’ असं क्वचितच कुणी विचारतं. प्रशिक्षकही पहिलाच प्रश्न विचारू लागला, की मुलाचं लक्ष चेंडूवरून उडून शेजारच्या नेटमधल्या मुलाकडे जातं. माझ्या मते मुलं खेळ सोडतात त्यामागे अंगात कसब नसण्यापेक्षा हे वातावरण अधिक असतं.

यावर सचिन तेंडुलकरचे प्रशिक्षक रमाकांत आचरेकर यांचा रुपया पुढे केला जाईल. शिवाजी पार्कवर सचिन थकला की सर स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवत. बाद करणाऱ्या गोलंदाजाला तो रुपया. कुणालाच जमलं नाही, तर सचिनला. मग हे आमिषच नव्हे का? एडवर्ड डेसी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1971मध्ये दाखवलं होतं, की आवडीने कोडी सोडवणाऱ्यांना पैसे दिले आणि मग थांबवले, तर कोड्यांतली गोडी कमी होते. पण डेसी आणि रिचर्ड रायन यांनी पुढे एक भेद केला: काही बक्षिसं माणसाला जुंपतात, काही त्याला त्याच्या कौशल्याची खबर देतात. रुपयाने तेव्हाही फार काही येत नसे. ‘दमलेला असूनही तू विकेट फेकली नाहीस,’ एवढंच तो सांगत होता. सचिनने अशी तेरा नाणी जपून ठेवली. पगार कुणी असा जपत नाही.

दुसरा आक्षेप धाकाचा. सरावाचा सामना सोडून वानखेडेवर दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवायला गेला म्हणून सरांनी सचिनच्या थोबाडीत मारली, हे त्यानेच सांगितलेलं आहे. पण तेच सर त्याला स्कूटरवर मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत. स्कूटर विसरून नुसती थप्पड उचलणारे प्रशिक्षक कमी नाहीत. शिवाय धाकाने खेळ सोडलेल्यांच्या मुलाखती कोण घेतं?

निवड तर धावांवरच होते, हे खरंच. म्हणून सरावातही तेच मोजायचं का? कामोठ्याशेजारी पनवेलला लक्ष्य शूटिंग क्लब चालवणाऱ्या ऑलिंपियन सुमा शिरूर यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेल्या पॅरा नेमबाज अवनी लेखराचंच पाहा. टोकियो पॅरालिंपिकमध्ये, 2021 साली, दहा मीटर एअर रायफलमध्ये तिचे गुण होते 249.6, आणि सुवर्ण. पॅरिसला 2024मध्ये 249.7, पुन्हा सुवर्ण. पदकांच्या हिशेबात तीन वर्षांत ती जिथल्या तिथेच आहे. तिच्या स्वतःच्या वहीत मात्र एक दशांश गुण पुढे.