फोटोचं नाव कोणी ठेवायचं?
आकाशाचं दप्तर : लेखांक ६

मंगळावर पूना, भोर आणि लोणार या नावांची विवरं आहेत. साधारण ५० किलोमीटरपेक्षा लहान विवरांना पृथ्वीवरच्या छोट्या गावांची नावं द्यायची, ही आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाची पद्धत. आता त्यासाठी गावाची वस्ती एक लाखाच्या आत असावी लागते, त्यामुळे आठ लाखांहून जास्त वस्तीच्या आपल्या मीरा-भाईंदर शहराला तिथं जागा नाही. पण विवराला नाव मिळालं, म्हणून त्याच्या फोटोलाही तेच नाव द्यावं का?

देऊ नये. एका फोटोत दहा विवरं येतात, एकच विवर शेकडो फोटोंत दिसतं, आणि बहुतेकांना नावच नसतं. शिवाय फोटोत काय दिसतं, हे मत असतं. मत बदलतं.

२५ जुलै १९७६ रोजी व्हायकिंग-१ यानानं मंगळाच्या सायडोनिया भागाचा फोटो घेतला. त्यातली एक टेकडी माणसाच्या चेहऱ्यासारखी दिसली आणि जगभर चर्चा झाली. फोटोंच्या संग्रहात मात्र त्या फोटोचं नाव ०३५ए७२ एवढंच आहे. ३५वी प्रदक्षिणा, ए म्हणजे व्हायकिंग-१, त्यातला ७२वा फोटो. याच टेकडीचा आणखी एक फोटो ०७०ए१३ या नावाचा आहे. नुसती नावं पाहिली तरी कळतं की तो ३५ प्रदक्षिणांनंतरचा, म्हणजे दोन्ही ताडून पाहता येतात. पहिल्या वेळी ऊन अगदी तिरपं होतं आणि सावल्या लांब होत्या. १९९८ मध्ये मार्स ग्लोबल सर्व्हेअर यानानं दहापट स्पष्ट फोटो पाठवला, तेव्हा साधी टेकडी उरली. ‘चेहरा’ हे नाव दिलं असतं, तर संग्रहात ती चूक कायमची बसली असती. मला ०३५ए७२ हे कोरडं नाव फार प्रामाणिक वाटतं. ०३५ मधलं पहिलं शून्यही कामाचं आहे. ते नसेल, तर संगणक १०० ला ३५ च्या आधी बसवतो.

मग हवा तो फोटो सापडतो कसा? प्रत्येक फोटोसोबत त्याच्या माहितीची नोंद असते. अक्षांश-रेखांश, यानाची उंची, सूर्याचा कोन हे सगळं तिच्यात असतं, आणि शोध तिच्यातूनच घ्यायचा.

आपल्या मंगळयानाच्या रंगीत कॅमेऱ्याचे आणि चांद्रयान-२ चे फोटो इस्रोच्या बंगळुरूजवळच्या ब्यालालू केंद्रानं असेच जपले आहेत. नोंदणी केली की घरबसल्या मोफत मिळतात. चांद्रयान-२ च्या फाइलच्या नावात आधी मोहीम, मग कॅमेऱ्याची तीन अक्षरं, पुढे वर्ष, महिना, दिवस आणि वेळ असा क्रम असतो. तारखेत वर्ष आधी असल्यानं नावं क्रमानं लावली की एकाच कॅमेऱ्याचे फोटो आपोआप तारखेनुसार लागतात. फक्त ती वेळ जागतिक असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. नावात १ एप्रिल, २३:५७ असं दिसलं, तर तेव्हा भाईंदरला २ एप्रिलची पहाट, ५:२७ झालेले असतात.